क्लिफर्ड असेपर्यंत

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एल्सीने प्रबंधाची प्रत मिटली, टेबलावर पालथी घातली आणि तिच्यावर चष्मा काढून ठेवला.

"पोरीने चोरी केली आहे," ती म्हणाली. "पान एकशे त्रेचाळीस ते एकशे एकावन्न."

शेगडीवरच्या मोठ्या कुकरमध्ये बरण्यांची तिसरी खेप पाच मिनिटांपूर्वीच चढली होती. कोहो मासा, चौदा बरण्या, शंभर मिनिटं. आयरीनच्या स्वयंपाकघरात सहा माणसं होती आणि कुकर उतरेपर्यंत त्यांतलं एकही बाहेर पडणार नव्हतं. आपल्या वाट्याच्या बरण्या टाकून या गावात कोणी स्वतःच्या लग्नालाही जाणार नाही.

क्लिफर्ड दाराजवळच्या स्टुलावर बसून तळलेल्या पावाचा तिसरा तुकडा खात होता. तो एल्सीचा धाकटा भाऊ आणि पोरीचा बाप. या दोन नात्यांपैकी एकच निवडावं लागेल असा प्रसंग त्याने छत्तीस वर्षं टाळला होता. त्याने घास चावणं थांबवलं, पण गिळलाही नाही.

मूल आईच्या घराण्याचं असतं. त्यामुळे क्लिफर्डची बायको आयरीन, मुलगी रोवेना, सासू मर्टल आणि मेहुणा डेल्बर्ट ही सगळी बेडूक घराण्याची. तो आणि एल्सी फायरवीड, म्हणजे त्या नावाच्या रानफुलाच्या, घराण्याचे. गावच्या सभागृहात मेजवानी असली की क्लिफर्ड आपल्या घराण्यासोबत बायकोच्या समोरच्या भिंतीला बसतो आणि सूप थंड होईपर्यंत तिच्या खाणाखुणांना उत्तरं देतो. स्वयंपाकघरात मात्र अशा भिंती नव्हत्या. आज एल्सीने खुर्ची सरकवली आणि त्या उभ्या राहिल्या.

रोवेना गुरुवारी आली होती. समुद्रातली एक फेरीबोट आणि दोन दिवसांचा रस्ता करून, गाडीच्या मागच्या सीटवर स्प्रिंगने बांधलेल्या सहा प्रती घेऊन. दक्षिणेतल्या विद्यापीठात ती सहा वर्षं डॉक्टरेट करत होती. विषय होता इथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे आपल्याच गित्क्सानांचा, कायदा पुन्हा चालता कसा करायचा. प्रबंध तीस सप्टेंबरला द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. मार्गदर्शक बाईंनी लेखी कळवलं होतं की तिसरं प्रकरण हा प्रबंधाचा कणा आहे, बाकीचं त्याच्यावर टांगलेलं मांस. त्याच तिसऱ्या प्रकरणात बांधाची गोष्ट होती. मासे अडवायचा बांध, दोन भाऊ आणि नदीच्या वरच्या अंगाला उपाशी राहिलेली माणसं. त्यापुढची गोष्ट इथे सांगता येत नाही. का ते पुढे कळेलच.

ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या हाती मसुदा आधी द्यायचा आणि परीक्षकांच्या हाती नंतर, हा रोवेनाचा नियम होता. डेल्बर्टने स्वतःचं नाव कुठे कुठे आलं आहे तेवढं वाचलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मर्टलने आपली प्रत चहाच्या किटलीखाली घातली होती. क्लिफर्डने अर्पणपत्रिका वाचली, डोळे पुसले आणि तिथेच थांबला. तीनशे बारा पानं अक्षरन्‌अक्षर वाचणारी एकटी एल्सी निघाली. तिच्या प्रतीतून सिरियलच्या खोक्याच्या कापलेल्या पट्ट्या खुणेसाठी बाहेर डोकावत होत्या.

"चोरी हा शब्द जरा मोठा होतोय, एल्सीताई," आयरीन म्हणाली. ती बरण्यांच्या कडा पुसत होती आणि पुसत राहिली. मग तिने विद्यापीठाच्या परवानगीच्या अर्जाची माहिती दिली. अकरा पानांचा अर्ज, त्यावर समिती, समितीवर आणखी एक समिती, आणि शेवटी आईची सही. मर्टलने या टेबलावर बसून, शुद्धीवर असताना, चष्मा लावून सही केली होती.

"मर्टलने सही केली," एल्सी म्हणाली. "बरं. मी उद्या डेल्बर्टचा ट्रक विकायच्या कागदावर सही करते. मीही शुद्धीवर आहे."

डेल्बर्टने खिडकीतून अंगणातल्या ट्रककडे पाहून घेतलं. तो बेडूक घराण्याचा प्रमुख होता. तीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवल्यावर त्याला एवढं कळलं होतं की उतारावर ब्रेक तापायला लागले की गियर खाली आणून आधी त्यांच्यावरचा पाय काढावा. त्याने सुचवलं की तळटीप बदलावी. गोष्ट मर्टलची लिहिलं आहे तिथे फायरवीड घराण्याची लिहावं, छापावं, आणि आता चहा घ्यावा.

"रोवेना," एल्सी म्हणाली, "पान अठ्ठ्याऐंशी काढ. मोठ्याने वाच."

रोवेना छत्तीस वर्षांची होती, दोन पदव्या घेतलेली होती, आणि आत्याने सांगताच उभी राहून वाचू लागली. वडिलांच्या घराण्याची रानं, मासे धरायच्या जागा, गाणी आणि गोष्टी मुलांना वापरता येतात, पण वडील हयात असेपर्यंतच. ती सवलत असते, वारसा नसतो. वडील गेले की सवलत संपते आणि सगळं त्यांच्या घराण्याकडे परत जातं.

"कोणी लिहिलं हे?"

"मी, आत्या."

"फार चांगलं लिहिलं आहेस," एल्सी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "दुसऱ्या प्रकरणात कायदा सांगितलास. तिसऱ्यात मोडलास. मधे दम तरी घ्यायचा."

कुकरची शिट्टी हलकेच डुलत होती. मर्टलचे वडील एकसष्ट साली वारले, म्हणजे मर्टलची सवलतही तेव्हाच संपली, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते फायरवीड घराण्याचे प्रमुख होते. एल्सी-क्लिफर्डचे थोरले मामा. म्हणजे क्लिफर्डची सासू ही त्याची मामेबहीणही होती. लग्नाआधी तो तिला ताई म्हणायचा, लग्नानंतर आई म्हणायचं ठरलं, आणि तेव्हापासून तो तिला हाकच न मारता बोलत आला होता.

रोवेनाने पिशवीतून वही काढली. क्लिफर्डला वाटलं ती आता बचाव वाचून दाखवणार. तिने मर्टलच्या मुलाखतीतली पहिली ओळ शोधली आणि वाचली. "आजी म्हणाली आहे, 'ही माझ्या वडिलांची गोष्ट.' खाली मी लिहिलं आहे, 'स्रोत: आजी.'" तिने वही मिटली. "तिने बरोबर सांगितलं होतं. चूक माझी आहे."

ती दक्षिणेकडची चूक होती. तिकडे बापाचं ते पोराचं, आजोबांचं ते आजीचं, असं वाहत येतं आणि कोणी थांबवून विचारत नाही. सहा वर्षं तिथलं पाणी पिऊन पोरीच्या कानाला तेच वळण लागलं होतं. क्लिफर्डला हे पटकन समजलं. त्याला स्वतःलाही मुलाखत ऐकताना काही खटकलं नव्हतं, आणि तो तर इथलंच पाणी प्यायला होता.

यानंतर बाजू बदलल्या. आतापर्यंत भाचीला पाठीशी घालणारा डेल्बर्ट भडकला, कारण चूक कबूल झाली की ती एकट्या पोरीची राहत नाही. घराण्याची होते, आणि घराणं म्हणजे तो. भर सभागृहात उभं राहून त्यालाच बोलावं लागणार होतं. त्याने रोवेनाला विचारलं की निदान मामाला एक फोन करायला काय झालं होतं. आयरीनने डेल्बर्टला विचारलं की त्याने प्रत वाचायला काय झालं होतं, स्वतःचं नाव शोधायला बरा वेळ मिळाला. डेल्बर्ट म्हणाला, सतरा वेळा आलं आहे, त्यातल्या दोन ठिकाणी चुकीचं. आपलेच दात, आपलेच ओठ. एल्सीने या भांडणात भाग घेतला नाही. तिने चहात डब्यातलं दूध ओतलं आणि दोन्ही बाजू ऐकल्या.

"प्रकरण काढून टाकते," रोवेना म्हणाली. आवाज सपाट होता. "मग प्रबंध राहत नाही, पण काढते."

तेव्हा मर्टल बोलली. तिला कमी ऐकू येतं असा घरात समज होता आणि तिने तो जपला होता.

"एल्सी, तुझं नाव काय गं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वयाचा परिणाम, असं डेल्बर्टच्या तोंडावर स्पष्ट उमटलं.

"पाळण्यातलं नको. सभागृहातलं."

ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी मोठी मेजवानी होऊन तिला प्रमुखाचं नाव मिळालं होतं. मामाचं नाव. मर्टलच्या वडिलांचं. ते नाव मामाआधी आणखी कितीतरी जणांनी वागवलं होतं.

"माणूस मरतो, नाव मरत नाही," मर्टल म्हणाली. "हे तुमच्या घराण्याने त्या दिवशी चारशे माणसांसमोर सांगितलं. मी सूप पीत होते तिथे. त्या नावावर तू बसलीस म्हणजे ते बसले. मग माझे वडील गेले कुठे? समोर तर बसलेत. चहा पितायत. आणि वडील हयात असेपर्यंत मला गोष्ट सांगता येते. वाच गं पोरी, पान अठ्ठ्याऐंशी."

डेल्बर्टच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याने ते खोकल्यात मिसळलं. रोवेना पेन शोधू लागली होती. सवय. आयरीनने ते तिच्या हातून काढून घेतलं.

एल्सीने कप खाली ठेवला. ती मर्टलपेक्षा बारा वर्षांनी लहान होती. ती ताठ बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सभागृहातल्या आवाजात बोलली.

"बाळ मर्टल," ती म्हणाली, "मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये."

आधी मर्टल हसली. मग थांबवता येईना. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई टेबलाला धरून हसत होती आणि किटली तिच्या प्रतीवर थरथरत होती. एल्सी हसली नाही, पण तिने कप उचलला तेव्हा तो सरळ धरायला तिला दोन हात लागले. कुकरला अजून एकोणसाठ मिनिटं होती.

या हसण्याच्या आड क्लिफर्डने बहिणीची प्रत आपल्याकडे ओढली. त्याला पट्ट्या पाहायच्या होत्या. बाकी सगळ्या खुणांना एकेक पट्टी होती. पान एकशे सत्तेचाळीसला तीन होत्या, आणि पानाचा कोपरा बोटाने मऊ झाला होता. त्याने ते पान वाचलं. मग पुढचं. मग पुन्हा तेच.

थोरला भाऊ पाण्यात पडतो इथवर गोष्ट त्याला येत होती. त्याच्या आईलाही तिथवरच येत होती. त्यांच्या घराण्यात कोणालाच पुढची येत नव्हती, आणि हे कोणी कोणाला सांगत नसे. मेजवानीत गोष्ट सांगायची वेळ आली की फायरवीड घराण्याचा माणूस थोरल्या भावाला पाण्यात पाडून गंभीर चेहऱ्याने खाली बसे, आणि लोकांना वाटे ती सांगायची पद्धतच आहे. मामा म्हातारा झाला तेव्हा त्याची भाचरं सगळी सरकारने दूरच्या निवासी शाळेत नेलेली होती, तिथे आपल्या भाषेत बोललं की मार होता. मर्टलला मात्र त्याने दरवर्षी रानातल्या सापळ्यांच्या मुक्कामी लपवली. ऐकायला ती एकटीच उरली होती.

"ताई," क्लिफर्ड म्हणाला. दुपारभरात तो पहिल्यांदाच बोलला. "एकशे सत्तेचाळीसच्या पुढचं तुला माहीत होतं?"

रोवेनाने मान वर केली. डेल्बर्टनेही. फायरवीडांच्या माणसाने बेडकांच्या टेबलावर असा प्रश्न विचारायचा नसतो. एल्सीने भावाकडे बराच वेळ पाहिलं. ती लहानपणी त्याला बर्फात ढकलायच्या आधी असंच पाहायची.

"नव्हतं," ती म्हणाली.

मग हळू आवाजात, कोणाकडेच न पाहता, तिने सांगितलं की गुरुवारी रात्री तिने ते तीनदा वाचलं. शुक्रवारी सकाळी नदीवर जाऊन, बांधाच्या जागेपाशी उभी राहून, एकदा मोठ्याने वाचलं. आणि परत येताना इतका राग आला की गाडी खड्ड्यात घातली. आपल्या घरातली वस्तू आपल्याला पुस्तकात भेटावी, आणि खाली दुसरीचं नाव असावं.

मर्टलने बरणीची कडा पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती.

"तुम्ही मागितलीच नाहीत," ती म्हणाली.

"मागितली असती तर आमच्याकडे नाही हे उघड झालं असतं."

"हं," मर्टल म्हणाली. "बापाचं माझ्याकडे तेवढंच आहे. बाकी सगळं तुमच्या घरी गेलं. कोटसुद्धा."

आयरीनने आईच्या हातातली बरणी हळूच काढून घेतली आणि रिकाम्या हातात तळलेला पाव दिला, वर उलिकन माशाचं तूप लावून.

तीन वाजता एल्सीने आपलं म्हणणं मांडलं. तिने आधीच बजावलं की हे तिचं म्हणणं आहे, निर्णय नव्हे. घराण्यातल्या आणखी पाच जणांना विचारल्याशिवाय तिला होकार देता येत नाही. मर्टलने गोष्ट परत करायची. कागदावर नाही, तोंडाने. एल्सीच्या नातवंडांना पाठ होईपर्यंत दर रविवारी यायचं. ऑक्टोबरमध्ये फायरवीडांची थडग्यावर दगड बसवायची मेजवानी आहे. तिथे डेल्बर्टने रोवेनाला शेजारी घेऊन उभं राहायचं, चूक सर्वांसमोर सांगायची आणि बेडूक घराण्याच्या वतीने ती पुसायची. बरण्या, घोंगड्या, जे रीतीचं असेल ते देऊन.

"आणि पाठ झाल्यावर?" मर्टलने विचारलं. "मी सांगायची की नाही?"

"ते तुझे वडील बघतील," एल्सी म्हणाली.

"आणि प्रबंध?" रोवेनाने विचारलं. तिला तो शब्द उच्चारायचीही लाज वाटत होती असं क्लिफर्डला दिसलं, आणि त्याला तिचा अभिमान वाटला.

"प्रबंधाचं तूच लिहून ठेवलं आहेस. बाप हयात असेपर्यंत सवलत." एल्सीने चष्मा लावला. "मर्टलच्या बापाचा वाद आहे. तुझा बाप तर निर्विवाद आहे. आमच्याच घराण्याचा आहे. तो असेपर्यंत ती पानं राहू देत, आमचं नाव घालून. तो गेला की काढायची. सगळ्या प्रतींतून. त्यांच्या ग्रंथालयातूनसुद्धा."

पाच माणसं क्लिफर्डकडे वळली. त्याच्या हातात तळलेल्या पावाचा चौथा तुकडा होता, वर साखर. तो सदुसष्ट वर्षांचा होता. रक्तातली साखर दोन वर्षांपूर्वी शेवटची मोजली होती, आणि तेव्हा डॉक्टरने त्याला बसायला सांगून आकडा सांगितला होता.

आयरीन उठली आणि तिने त्याच्या हातातला पाव काढून घेतला.

"छापलेलं काढता येत नाही, आत्या," रोवेना म्हणाली. "एकदा ग्रंथालयात गेलं की ते तिथे कायमचं. पुस्तक मरत नाही."

"मग तू सहा वर्षं कायदा चालता करायला निघालीस तो कुठवर चालणार? त्यांच्या दारापर्यंत?"

रोवेनाचा चेहरा बदलला. क्लिफर्ड तो चेहरा ओळखत होता. ती सहा वर्षांची असताना घरातलं घड्याळ खोलून बघण्याच्या आधी तो असाच झाला होता. तिने विचारलं की आज इथे जे झालं ते सगळं, वाद, कबुली, तोडगा, तिसऱ्या प्रकरणाला जोडलं तर? कायदा चालतो याचा याहून चांगला पुरावा कुठला?

"त्यालाही परवानगी लागेल," डेल्बर्ट म्हणाला. "दोन्ही घराण्यांची. आणि माझं नाव नीट लिहायचं."

तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी आयरीनने शेगडी बंद केली आणि दाब उतरायची वाट पाहून झाकण काढलं. चौदापैकी तेरा झाकणं टकटक करत बसली. चौदावं बसलं नाही. ती बरणी रिवाजाप्रमाणे तिथल्या तिथे उघडून खाल्ली गेली. क्लिफर्डला त्यातला मासा मिळाला, तूप मिळालं नाही.

एल्सी आपल्या वाट्याच्या चार बरण्या घेऊन निघाली. दारात तिने भावाचा दंड चाचपून पाहिला, जसा बाजारात घोडा बघतात.

"जिथे जायचं तिथे चालत जा," ती म्हणाली. "गाडी घेऊ नकोस."

त्यानंतरची नोंद अशी. रविवारी मर्टल एल्सीकडे गेली आणि चार तासांनी परत आली. नातवंडांपैकी धाकटीला थोरला भाऊ पाण्यात पडण्याच्या पुढची चार वाक्यं येतात, असं तिने सांगितलं. सोमवारी रोवेनाने मार्गदर्शक बाईंना सविस्तर लिहिलं. मंगळवारी उत्तर आलं की अशी सोय असते. प्रबंधातली काही पानं ठरावीक तारखेपासून बंद ठेवता येतात. अर्ज संगणकावर भरायचा. बुधवारी रोवेनाने तो भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात तिने गित्क्सान कायदा, पान अठ्ठ्याऐंशी, असं लिहिलं. ते चाललं. तारखेच्या चौकटीत तिने "क्लिफर्ड असेपर्यंत" लिहिलं. चौकट लाल झाली आणि दिवस, महिना, वर्ष मागू लागली. तिने ग्रंथालयाला पत्र टाकलं.

गुरुवारी सकाळी नऊला क्लिफर्ड आपणहून जवळच्या स्मिदर्स गावातल्या दवाखान्यात गेला. इतक्या दिवसांनी कसं येणं केलंत, असं नर्सने विचारलं. मुलीच्या प्रबंधासाठी, असं त्याने सांगितलं. तिने ते तसंच लिहून घेतलं आणि रक्त काढलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत एल्सीने विचारलेल्या पाचांपैकी तिघांचा होकार आला होता. चौथ्याने ऑक्टोबरात सांगतो म्हटलं होतं, पाचवा मासेमारीवर होता आणि फोन उचलत नव्हता. ग्रंथालयाचं उत्तर आलेलं नव्हतं. रक्ताचा अहवाल सोमवारी मिळायचा होता. तारखेची चौकट रिकामी होती, आणि क्लिफर्ड नदीकाठच्या रस्त्याने चालत होता. मागून चाळीस पावलांवर आयरीन गाडी घेऊन येत होती.